मागच्या भिंतीचा आवाज

घरातल्या सिनेमाचा इतिहास बहुधा पडद्यापासून सांगितला जातो. मला तो मागच्या भिंतीपासून सांगावासा वाटतो. आणि तिथे पोचायचे तर दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला वगळून चालत नाही.

प्रेक्षकाला आवाजाने वेढण्याची हौस जुनी आहे. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात डिस्नेचा 'फँटासिया' लागला, तो 'फँटासाउंड' नावाच्या खास यंत्रणेसह. ती इतकी अवजड आणि खर्चिक होती की मोजक्याच चित्रगृहांत बसली. आपल्याकडे 'शोले'ची ७० मिमी प्रत १९७५ साली मिनर्व्हात घुमली. पण हे सारे चित्रगृहापुरते. घरात वाटा दोनच, डावी आणि उजवी.

१९७० च्या सुमारास डेव्हिड हाफलर या अमेरिकी अभियंत्याने एक युक्ती लोकप्रिय केली. मागच्या स्पीकरच्या दोन तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांना जोडायच्या. मग त्या स्पीकरला ऐकू येतो तो फक्त दोन्ही बाजूंमधला फरक. मधोमध गाणारा गायक दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो मागून जवळजवळ नाहीसा होतो. सभागृहाची घुमार आणि टाळ्या उरतात. अट एकच, अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंचे ऋण टोक सामाईक हवे. नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळायचा. खर्च म्हणाल तर स्पीकर आणि वायर. अभियांत्रिकीत असा फुकटचा हिशेब क्वचितच जमतो.

पुढे डॉल्बीने हेच वजाबाकीचे तत्त्व वापरून चित्रपटाचे चार मार्ग दोन पट्ट्यांत घडी घालून ठेवले. ती घडी स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवरही शाबूत राहत होती. म्हणजे मागचा आवाज लोकांच्या कपाटात आधीच पडून होता! १९८२ पासून तो उलगडणारे घरगुती डिकोडर येऊ लागले. पण डिकोडरातून निघणारा संकेत दुबळा, स्पीकर हलवायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून दुसरा अ‍ॅम्प्लिफायर. बऱ्याचदा तो माळ्यावर टाकलेला जुनाच असे, आणि तेवढा पुरे. कारण मागच्या मार्गाला ७ किलोहर्ट्‌झच्या वरचे काही द्यायचेच नव्हते.

या मार्गाला सुमारे २० मिलिसेकंद उशीरही मुद्दाम लावलेला असे. समोरचे संवाद थोडे मागे झिरपतातच. पण जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेने कान तो ऐकतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात तपासले होते. त्या निष्कर्षावर दिवाणखाने उभे राहिले.

गैरसोय होती ती आवाज कमी-जास्त करण्याची. डिकोडर मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप-आउटला जोडला, की त्याचा समोरच्या व्हॉल्यूमशी संबंध उरत नाही. पुढचा आवाज कमी केला, की उठून मागचाही कमी करायचा. १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक' आले, पाठोपाठ सगळे अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसवलेले रिसीव्हर आले, आणि दोन बटणांची ही कसरत संपली. माझ्या मते त्याबरोबर घरमालकाचा त्या रचनेतला हातही सुटला.

आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघरी, भाड्यानेसुद्धा, फिरणारे व्हीसीआर बहुतेक मोनो होते. मागचा आवाज दोन्ही पट्ट्यांवर सारखाच, पण उलट्या दिशेने नोंदलेला असतो. पट्ट्या एकत्र केल्या, की बेरीज शून्य. माझ्याकडच्या जुन्या डिकोडरवर मी हे मुद्दाम करून पाहिले: डावी-उजवी वायर एकत्र जोडताच मागचे स्पीकर गप्प झाले, आणि समोरूनही तो आवाज आला नाही. १९७७ चा 'स्टार वॉर्स' आपल्यापैकी ज्यांनी प्रथम अशा कॅसेटवर पाहिला, त्यांच्या घरात मागच्या मार्गावर लिहिलेला आवाज पोचलाच नव्हता.