ओझ्याची वाटणी

रत्नागिरीकडे घर बांधायचे म्हणजे जांभ्याचा चिरा लागतो, आणि तो खाणीवरून दारापर्यंत आणायचा म्हणजे पिकअप नाहीतर ‘छोटा हत्ती’ लागतो. गेल्या मे महिन्यात आमच्या घरासमोरच्या चढावर असाच एक छोटा हत्ती अडला. मागे चिरे रचलेले, पाटे वाकून उलटे झालेले, पुढची चाके रस्त्याला जेमतेम टेकलेली. क्लीनर पोरगा दगडाची उटी घेऊन मागच्या चाकाशेजारी चालत होता. गाडी हातभर पुढे गेली की उटी सरकवायची, एवढेच त्याचे काम. ते पाहताना मला आठवला तो आदिलशाहीतला मुरार जगदेव.

त्याचे नाव दोन ओझ्यांशी जोडलेले आहे. पहिले हत्तीचे. १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, नागरगावी, त्याने हत्तीच्या भारंभार दान करायचे ठरवले. पण हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी तोड काढली, असे सांगतात. हत्तीला नावेत चढवून पाणी कुठवर आले तिथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नाव दगडांनी भरली आणि दगड तोलले. नागरगावचे तुळापूर झाले ते यावरून. (पुढे १६८९ने त्या गावाला वेगळीच ओळख दिली.)

दुसरे ओझे मुलूखमैदान तोफेचे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ परांड्याला गेली, आणि तिथून १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. ओढायला ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसे जुंपली होती, असे परंपरा सांगते. हा आकडा आपण अचंब्याने वाचतो आणि पुढे जातो. पण जरा भागाकार करून पाहावा. हत्ती आणि माणसे हिशेबात धरलीच नाहीत, तरी एका बैलाच्या वाट्याला १४० किलोसुद्धा येत नाहीत. आपल्याला अचाट वाटणारे ते ओझे वाटून घेतलेले होते.

अशीच वाटणी अलीकडेही दिसली. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्रासाठी सुमारे ७० टनांचे एक यंत्र जुलै २०१९मध्ये महाराष्ट्रातून निघाले, ते पोहोचायला जुलै २०२० उजाडला. वाटेत टाळेबंदीही आली. ट्रेलरला ७४ चाके आणि दिमतीला ३२ माणसे; म्हणजे चाकामागे टनभरही भार नाही.

कोकणाला हा हिशेब नवा नव्हता. घाटाने येणाऱ्या तांड्यात प्रत्येक बैलाच्या पाठीवर त्याची त्याची गोणी असे. बंदरात गलबताची ओळखच मुळी ते किती खंडीचे यावरून होई. शिवाय नाव स्वतःच सांगते: भार वाढला की पाणी काठाकडे चढते, आणि खलाशाला ते डोळ्यांनी दिसते. चाकाच्या गाडीला अशी पाण्याची रेघ नाही. इंजिन कण्हत का होईना, ओढते. ओढले म्हणजे पेलले, असा आपला समज होतो. खरी परीक्षा उताराची. तिथे ओझे ओढायचे नसते, आवरायचे असते, आणि आवरायला ब्रेक तेवढेच असतात.

लोकांनी ज्याला छोटा हत्ती म्हटले ती टाटा एस गाडी २००५ साली आली. दोन सिलिंडरचे इंजिन, सोळा अश्वशक्ती, आणि भारक्षमता पाऊण टन. एक चिरा साधारण ३० किलोंचा धरला, तर २५ चिऱ्यांत मर्यादा संपली. दाराशी गाडी थांबल्यावर मी ड्रायव्हरला विचारले, किती वजन असेल?

“वजन नाय ठावं सर. पन्नास नग हायत.”

म्हणजे बरोबर दुप्पट. निम्मेच का आणत नाहीस, असे मी म्हटले. तो हसला. भाडे खेपेवर मिळते; दोन खेपा केल्या तर डिझेल दुप्पट, गिऱ्हाईक भाडे मात्र एकाच खेपेचे देणार, आणि गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला ठरलेला. त्यातले गिऱ्हाईक मीच होतो. खेपेचे भाडे मी आदल्या दिवशी फोनवर शंभर रुपयांनी पाडून घेतले होते.

पोरगा तोवर चिरे उतरवू लागला होता. उटी त्याने चाकाखालीच ठेवली होती.