कोळंबी, गोड्या पाण्यातील : शरीरमापे व निवड पैदास

तळ्यात वाढवलेल्या कोळंबीची मापे घेऊन त्यांच्या आधारे पुढच्या पिढीचे नर-मादी निवडण्याची पद्धत. भारतात ती मुख्यतः मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, म्हणजे बाजारातल्या ‘स्कॅम्पी’साठी वापरली जाते. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने (सीफा) वर्ल्डफिशच्या सहकार्याने २००७ मध्ये गुजरात, केरळ व ओडिशातील कोळंबीचे आपसात संकर करून असा कार्यक्रम सुरू केला. त्यातून ‘सीफा-जीआय स्कॅम्पी’ हा सुधारित वाण तयार झाला.

कोळंबी टिपून कोरडी करून वजन घेतात, लांबी-रुंदी कॅलिपरने. कपाळावरचा करवती काटा बऱ्याचदा मोडलेला असतो. त्यामुळे एकूण लांबीपेक्षा कवचाची लांबी, म्हणजे डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर, अधिक भरवशाची. वजनही फसवते : मादीच्या पोटाखाली अंडी असतात, नराची एखादी नांगी गळालेली असते. या खुणा नोंदवहीत नसतील, तर नुसता आकडा कुचकामी.

खरी अडचण नरांची. एकाच वयाच्या नरांत छोटे, नारिंगी नांगीचे व निळ्या नांगीचे असे प्रकार दिसतात. नारिंगी नर सहसा शेजारच्या निळ्या नराहून मोठा झाल्यावरच निळा होतो आणि मग त्याची वाढ मंदावते. निळे नर काढून घेतले, की मागे पडलेले छोटे नर झपाट्याने वाढू लागतात. म्हणजे नराचा आकार जितका रक्ताचा, तितकाच तळ्यातल्या मानाचाही. म्हणून एकट्याच्या मापावर न जाता लिंग व प्रकार लक्षात घेऊन सख्ख्या भावंडांच्या मापांवरून प्रत्येकाचे पैदासमूल्य काढतात. त्यात बहिणींची वजने विशेष उपयोगी. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाची पिल्ले आधी वेगळी वाढवतात, शेपटीच्या पारदर्शक कातडीखाली रंगीत खूण टोचतात आणि मगच सर्वांना एका तळ्यात सोडतात.

या जातीचे डोके मोठे, त्यामानाने खाण्याजोगे मांस कमी. ते जिवंतपणी तोलता येत नाही. शेपटीच्या लांबी-रुंदीवरून अंदाज बांधतात किंवा काही भावंडे कापून पाहतात.

खूण नसलेल्या तळ्यात धोका उलटा असतो. मोठी कोळंबी आधी विकून उरलेल्यांतून अंडीवाल्या माद्या उचलल्या, तर नकळत सावकाश वाढणाऱ्यांचीच निवड होऊ शकते.