हौशी बांधणीच्या विमानांतील उपकरणयोजना
हौशी बांधणीच्या विमानांतील उपकरणयोजना : हौशी व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घरी वा लहान कार्यशाळेत बांधलेल्या हलक्या विमानात बसवावयाची उड्डाण-उपकरणे, संदेशवहन यंत्रे व मार्गनिर्देशन साधने यांची निवड आणि मांडणी. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानातील उपकरणांना शासकीय प्रमाणन आवश्यक असते. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांना ही अट बहुतांशी लागू नाही. त्यामुळे कोणते उपकरण घ्यावे, ते कोठे बसवावे आणि ते बंद पडल्यास काय करावे, हे बांधणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

आरंभीच्या काळात निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. मोटारगाडीच्या एंजिनावर चालणारे पिटनपोल यांचे ‘एअर कँपर’ (१९२९) किंवा फ्रान्समधील आँरी मिन्ये यांचे ‘आकाशातील ऊ’ या अर्थाच्या नावाचे विमान (१९३३) ही स्वच्छ हवेत, जमीन डोळ्यांसमोर ठेवून उडविण्याची विमाने होती. एंजिनाचे फेरे, तेलाचा दाब व उंची दाखविणारी मोजकी मापके त्यांना पुरत. याच सुमारास, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जेम्स डूलिटल यांनी अमेरिकेतील लाँग आयलंड येथे झाकलेल्या कक्षात बसून केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरविले. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की अंतर्कर्णातील तोलाची संवेदना वैमानिकाला फसविते. ती उणीव स्पेरी यांच्या कृत्रिम क्षितिजाने व दिशादर्शक घूर्णीने भरून काढली. मात्र ही उपकरणे जड व महाग असल्याने हौशी बांधणाऱ्यांच्या हाती ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराने विकून टाकलेल्या साहित्यातून आली.

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केल्यावर या छंदाला संघटित रूप आले. संस्थेचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरू लागला. बर्ट रुटन यांच्या ‘व्हेरी-ईझी’ (१९७५) या विमानाने बांधणीची रीतच बदलली. फेसाळ प्लॅस्टिकच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर देऊन तयार केलेल्या या विमानाचे रिकामे वजन ३०० किग्रॅ.हून कमी होते. अशा विमानात एखाद्या किलोग्रॅमचाही हिशोब ठेवावा लागे. म्हणून निर्वात नलिकांऐवजी ट्रँझिस्टर वापरणारे हलके रेडिओ फार उपयोगी पडले. काचतंतूंतून रेडिओ तरंग आरपार जातात, त्यामुळे तांब्याच्या पट्टीची आकाशके विमानाच्या आवरणाआड दडविता आली. कार्बन तंतूंच्या आवरणात ही सोय नाही.

या पिढीच्या उपकरणांतील सर्वांत घातक दोष निर्वात पंपाचा होता. घूर्णी फिरविणारा हवेचा प्रवाह एंजिनावर चालणाऱ्या एकाच पंपाकडून मिळे आणि कोरड्या प्रकारचा पंप पूर्वसूचना न देता निकामी होई. त्यानंतर घूर्णी एकदम थांबत नाही. तिचा वेग हळूहळू मंदावतो, कृत्रिम क्षितिज किंचित कलू लागते आणि ढगातील वैमानिक त्या खोट्या क्षितिजाच्या अनुरोधाने विमान कलवीत जातो. वळणदर्शक विजेवर चालवावा, म्हणजे दोन्ही साधने एकाच कारणाने निकामी होणार नाहीत, हा नियम यातूनच रूढ झाला. पुढील काळातही उपकरणनिवडीचा खरा निकष हाच राहिला आहे.

काही उपकरणांच्या बाबतीत मात्र बांधणाऱ्याला मोकळीक उरली नाही. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे एक प्रवासी जेट विमान व एक हलके खासगी विमान यांची आकाशात टक्कर होऊन ८२ माणसे मृत्युमुखी पडली. हलक्या विमानात ट्रान्सपॉन्डर होता, परंतु तो उंची कळविणारा नव्हता. त्यानंतर मोठ्या विमानतळांच्या परिसरात उंची कळविणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. १ जानेवारी २०२० पासून तेथे विमानाचे उपग्रहाधारित स्थान आपोआप प्रक्षेपित करणारी यंत्रणाही आवश्यक ठरली. एंजिनावर चालणारी विद्युत् यंत्रणा मुळातच नसलेल्या साध्या विमानांना दोन्ही बाबतींत बरीच सवलत आहे.

खरा पालट २००० नंतर झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर घातलेली त्रुटी काढून टाकली. मोटारगाड्यांसारख्या उद्योगांसाठी मोठ्या प्रमाणावर बनणारे सूक्ष्म संवेदकही स्वस्त झाले. फिरत्या घूर्णीची जागा सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या सूक्ष्म रचनांनी घेतली. डायनॉन कंपनीचे ‘डी-१०’ (२००३) हे उपकरण वायुवेग, उंची, दिशा व विमानाचा कल एकाच लहान पडद्यावर दाखवू लागले. प्रमाणित उपकरणांचे उत्पादक गार्मिन यांनीही २००९ मध्ये हौशी विमानांसाठी ‘जी-३एक्स’ ही प्रणाली आणली. प्रवाह पुढे उलटाही वाहू लागला : २०१६ मध्ये ‘डी-१०’चा सुधारित प्रकार काही कारखानी विमानांत बसविण्यास अमेरिकी शासनाने अनुमती दिली.

पडद्यांच्या या सुबत्तेमुळे सुरक्षितता आपोआप वाढली असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये कारखानी हलक्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पडदेयुक्त विमानांच्या अपघातांचे एकूण प्रमाण कमी, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. काही उपकरणांत विमानाचा कल ठरविताना वायुवेगाचाही आधार घेतला जातो. नळी बर्फाने वा कीटकाने बुजली तर वेगासह क्षितिजही बिघडू शकते. एकाच कंपनीचे दोन पडदे एकाच आज्ञावलीतील चुकीने एकदमच बंद पडू शकतात. म्हणून जाणते बांधणारे पर्यायी क्षितिज निराळ्या बनावटीचे घेतात व त्याला स्वतंत्र विद्युत् घटमाला जोडतात.

भारतात या छंदाचा प्रसार अल्प असून उपकरणांच्या आधी अनुमतीचाच प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या कांदिवली भागात इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये प्रदर्शनात मांडले गेले; त्याची नोंदणी २०१७ मध्ये, तर प्रायोगिक उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली.

बांधणाऱ्याची निवड विमानाबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतलेल्या रुटन यांच्या ‘लाँग-ईझी’ या विमानात मूळ बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ आराखड्याप्रमाणे पुढे न बसविता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या आणि इंधनदर्शक नळ्यांवरही मापचिन्हे नव्हती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी ती कळ फिरविण्यासाठी मागे वळताना डेन्व्हर यांचा विमानावरील ताबा सुटला व ते माँटेरे उपसागरात कोसळून मरण पावले. याच सुरक्षा मंडळाने २०११ मध्ये तपासलेल्या हौशी बांधणीच्या विमानांच्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघात अशाच, दुसऱ्याने बांधलेल्या व नंतर विकत घेतलेल्या विमानांचे होते.