वारशाने आलेली फियाट

वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने जे काही आमच्याकडे आले, त्यात १९६८ सालची एक फियाट ११०० डी होती. किल्ली हाती आली. विद्या मात्र आली नाही. वडील हयात असताना आम्ही त्या गाडीत नुसते बसत आलो होतो. ती भंगारात द्यावी, असा आप्तांचा सल्ला पडला. तो मानण्यापूर्वी ही गाडी आहे तरी कोण, हे जाणून घ्यावे असे आम्हांस वाटले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जोडणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. परदेशी भाग आणून येथे नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा द्यायचा नाही, असे सरकारने १९५३ च्या सुमारास ठरविले. जनरल मोटर्सने १९५४ साली मुंबईतील जोडणी थांबविली. जे टिकले, त्यांना एकेक भाग येथेच घडवावा लागला. १९६४ साली ११०० डी आली, १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन घेऊन. त्याच घडणीची गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईभर फिरली. घडण इतकी वर्षे फारशी बदलली नाही, म्हणूनच तिचे भाग मिळत राहिले आणि तिची नस ओळखणारे मिस्त्रीही गल्लोगल्ली तयार झाले.

अशाच एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही शिष्यत्व पत्करले. त्याआधीचा आमचा पराक्रम असा: इंजिन फिरे, पण सुरू होईना. आम्ही कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोल बदलले, व्यर्थ. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले. पॉइंट जळले होते. “पेट्रोलला दोष देण्याआधी ठिणगी पाहावी, साहेब,” एवढेच ते म्हणाले. पॉइंट घासून, फीलर गेजने फट बसवून त्यांनी पाना आमच्या हाती दिला आणि तेच काम आमच्याकडून पुन्हा करवून घेतले. इंजिन धडधडले, तेव्हा आमचेही काळीज धडधडले.

पुढे धडे वाढले. रेडिएटरचे पाणी व ऑईलची पातळी पाहणे, पुढच्या चाकांजवळच्या निपलांना ग्रीस भरणे, ब्रेकचे तेल तपासणे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलापुढे जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत, म्हणून त्या बदलल्या. डिकीत वडिलांची वही सापडली. ऑईल बदलल्याच्या तारखा, किलोमीटर, सारे नेटके. ज्या कामाकडे आम्ही कधी मान वळवून पाहिले नव्हते, ते ते वर्षानुवर्षे एकटे करीत होते.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र मग ती नित्याच्या वापरात ठेवता येत नाही. तो मान आम्ही नाकारला आणि साधीच नोंदणी पुढे चालविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता सुटे भाग दुर्मीळ होत जाणार, हे आम्ही जाणतो. तूर्त रविवारच्या मिस्साला आम्ही तिच्यातूनच जातो. वडिलांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली आमची पहिली नोंद आहे: पॉइंट बदलले.