वहीत नाव नसलेली माणसे

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेकरूने गाव नि आडनाव सांगितले की वही उघडते आणि पणजोबा कुशावर्तावर कधी आले होते, सोबत कोण होते, हे समोर येते. गुलामगिरी माणसाकडून नेमके हेच हिरावून घेते: गाव, आडनाव, आजा-पणजा. अशा हिरावलेल्या मुलांची एक वसाहत त्र्यंबकपासून तीसेक किलोमीटरवर, नाशिकच्या पश्चिम अंगाला होती. तिचे नाव शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवी. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस या मिशनऱ्याने उभारलेल्या या वसाहतीत आली. तिथे त्यांना अक्षरओळख झाली, सुतारकाम-लोहारकाम मिळाले आणि नवी नावेही मिळाली: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स. आईबापांनी ठेवलेली नावे बहुतेकांच्या बाबतीत इतिहासातून पुसलीच गेली.

शरणपूर प्रोटेस्टंटांचे, पण तिथे जो प्रश्न पडतो तो ख्रिस्ती धर्माच्या सगळ्याच शाखांना लागू आहे. गुलामांची सेवा करणे आणि गुलामगिरीला विरोध करणे, या गोष्टी एकच आहेत का? माझ्या मते नाहीत. कॅथलिक परंपरेत या सेवेचे सर्वांत मोठे नाव संत पीटर क्लेव्हर यांचे. १५८० साली कातालोनियात जन्मलेला हा जेझुइट १६१० मध्ये आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनाला पोचला. गुलामांचे जहाज बंदराला लागले की तो थेट तळघरात उतरे. तिथे मलमूत्राची दुर्गंधी, तापाने फणफणलेली, साखळीत जखडलेली माणसे. आणि हा हातात लिंबे, पाव, तंबाखू घेऊन एकेकाजवळ बसे, जखमा धुई. १६२२ मध्ये अखेरचे व्रत घेताना त्याने स्वतःला आफ्रिकनांचा कायमचा दास म्हणवून सही केली आणि १६५४ साली मरेपर्यंत तो शब्द पाळला. या माणसापुढे हात जोडावेसेच वाटतात. पण त्याच्याबरोबर जाणारे दुभाषे जेझुइट महाविद्यालयाचे विकत घेतलेले गुलाम होते. गुलामांचा बाजारच बंद करा, अशी मागणी त्याने केली नाही.

सतराव्या शतकातल्या माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या मापाने मोजू नका, असा आक्षेप इथे येतो. तो वजनदार आहे, पण पुरता टिकत नाही. माप त्या शतकातच उपलब्ध होते. १६८१ च्या सुमारास हवानामध्ये फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे म्वारां या दोन कॅपुचिन साधूंनी सांगितले की गुलामांना मुक्त केल्याशिवाय मालकांना पापक्षमा नाही. त्यांना अटक करून स्पेनला पाठवले गेले. पोपपीठाचाही मार्ग सरळ नव्हता. १४५२ मध्ये पाचव्या निकोलसने पोर्तुगीज राजाला बिगरख्रिस्ती माणसे दास करण्याची मोकळीक दिली. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉलने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करणे निषिद्ध ठरवले. आफ्रिकनांच्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार १८३९ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने केला. मधल्या काळात पोर्तुगीज गोव्यात भर बाजारात माणसे विकली जात होती. हे वाचून आपण सुटकेचा श्वास टाकू नये. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. बायका किमतीने मोजल्या जात होत्या, तेव्हा आपल्याकडच्या धर्मपीठांनीही त्याविरुद्ध आवाज उठवला नाही.

मग निव्वळ सेवेची किंमत शून्य का? नाही, आणि याचा पुरावा शरणपुरातच आहे. ते धर्मांतराचे केंद्र होते हा दुसरा आक्षेप खराच आहे. मुलांना निवड नव्हती. पण जगलेल्या, लिहायला शिकलेल्या मुलांनी पुढे काय केले तेही पाहावे लागते. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा झाडाच्या बुंध्यावर त्याचे नाव नि तारीख त्याच्या काफिल्यातल्या जेकब वेनराइटने कोरली. शरणपुरात गिरवलेली अक्षरे आफ्रिकेच्या अरण्यात उमटली. ते शव मजल दरमजल करत किनाऱ्यावर, बागामोयोला आणले गेले, तेव्हा ते ठेवले गेले कॅथलिक मिशनच्या चर्चमध्ये. तेही मिशन मुक्त गुलामांच्या वस्तीसाठीच उभे राहिले होते. पुढच्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता.

त्याहून मोठे काम विल्यम जोन्सचे. १८६४ मध्ये तो शरणपुरातून मोंबासाकडे गेला. नंतर मोंबासाजवळच्या राबाई मिशनचा कारभार त्याच्याकडे आला, तेव्हा मालकांकडून पळालेले गुलाम तिथे आसऱ्याला येऊ लागले. त्यांना थारा देऊ नये, असे सोसायटीचे धोरण होते. मालकांशी वैर ओढवण्याची भीती होती. जोन्सने दार बंद केले नाही. स्वतः कधीकाळी गलबतातून सोडवला गेलेला माणूस ते कसे करणार? इथे सेवेचे रूपांतर विरोधात झाले, आणि ते केले पूर्वीच्या गुलामाने. १८८८ हे साल म्हणून मला महत्त्वाचे वाटते. त्या जानेवारीत तेराव्या लिओने क्लेव्हरला संतपद दिले, मृत्यूनंतर २३४ वर्षांनी. मे महिन्यात त्यांनी ब्राझीलच्या बिशपांना गुलामगिरीविरुद्ध पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात ब्राझीलने ती संपवली. त्याच वर्षी राबाईच्या पळालेल्यांवर मालकांनी हक्क सांगितला. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्तीचे दाखले वाटण्यात आले.