पापणी मिटल्यापासून अल्सरपर्यंत

प्लस सहा नंबर. जुन्या हायड्रोजेलची लेन्स. दमून घरी आल्यावर 'आज राहू दे' म्हणून ती तशीच डोळ्यात.

रात्री 11. पापण्या मिटतात. कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू तो थेट हवेतून घेतो. उघड्या डोळ्याला त्याचा दाब पाऱ्याच्या 155 मिलिमीटरइतका मिळतो. मिटलेल्याला पापणीच्या आतून जेमतेम 55. आणि आज वाटेत लेन्स आहे.

रात्री 12. सगळी भिस्त आता लेन्सच्या जाडीवर. द्रव्य तेच ठेवून जाडी दुप्पट केली, की आरपार जाणारा प्राणवायू निम्मा. संशोधक होल्डन आणि मर्ट्झ यांनी 1984 मध्ये रात्रीच्या वापरासाठी प्राणवायूच्या पारगम्यतेची 87 ही किमान पातळी सांगितली. 38 टक्के पाण्याची हायड्रोजेल लेन्स 0.1 मिलिमीटर जाडीला नऊच्या आसपास अडकते. शिवाय कंपनी देते तो आकडा बहुधा मायनस तीनच्या लेन्सचा, तोही मधोमध मोजलेला. मायनसची लेन्स मध्ये पातळ आणि काठाला जाड असते. प्लसची नेमकी बुबुळासमोरच जाड. तिथे 0.2 मिलिमीटर धरले तर उरतात साडेचार. प्लस नंबरवाल्याला हे लेन्स देतानाच सांगायला हवं.

रात्री 2. पेशी प्राणवायूविना साखर जाळू लागतात. लॅक्टिक आम्ल साचतं, पाणी ओढतं. कॉर्नियाचा आतला थर ते उपसतो, पण पुरा पडत नाही.

सकाळी 6. नुसत्या झोपेनेही कॉर्निया तीन-चार टक्के सुजतो, आणि उठल्यावर ते लवकर ओसरतं. इथे सूज दहाच्या पुढे गेली आहे: 540 मायक्रॉनचा कॉर्निया सहाशेच्या घरात. डॉक्टरांच्या स्लिट लॅम्पखाली उभ्या पांढुरक्या रेषा आणि काळसर घड्या दिसल्या असत्या. लेन्सवाल्याला दिसतं फक्त धुकं आणि दिव्याभोवतीचं कडं. लेन्स चिकटून बसली आहे. थेंब घालून ती सैल होईपर्यंत थांबायचं, तर तो चिमटीत धरून ओढतो. वरचा थर खरचटतो.

दुपारी 1. स्वच्छ दिसू लागतं, म्हणून लेन्स पुन्हा डोळ्यात. मला सगळ्यात भीती वाटते ती या घटकेची. प्राणवायूला मुकलेल्या पेशींना स्यूडोमोनास जिवाणू सहज चिकटतो, आणि लेन्सच्या ओल्या डबीत तो अनेकदा असतोच.

रात्री 9. टोचणं, लाली. उजेड सोसवत नाही.

दुसरा दिवस, सकाळी 7. बुबुळावर पांढरा ठिपका, पापण्यांना पू. अल्सर. स्यूडोमोनास असेल तर एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळून भोक पडू शकतं. नेत्रतज्ज्ञ जखम खरवडून नमुना घेतात, लेन्स आणि डबीही तपासणीला पाठवतात, आणि प्रतिजैविकाचे थेंब सुरू होतात: दर तासाला, रात्रीसुद्धा.