करवंदाचा कागद कुठे शोधाल?

उरणजवळच्या मोरा बंदरावर काम करायचं ठरवलंत, तर पहिली ठेच इथेच लागते. १८८२ चं वर्णन कुलाब्याच्या नाही, ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे! तिथे मीठ आणि दारूच्या भट्ट्या भरपूर भेटतात. कारण उघड आहे: दोन्हींतून सरकारला महसूल मिळायचा. पण परसातल्या कुंपणाचं करवंद कोण, कधी छाटायचं, हे त्यात शोधू नका.

मग पुरावा कुठला? आधी झुडूपच वाचा. करवंदाची फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, फळं एप्रिल-मेच्या सुमारास पिकतात. थंडी सरताना टोकं कातरलीत, तर त्या वर्षीची करवंदं गेलीच. म्हणून छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर करायची. आधी सुकलेल्या फांद्या, मग आत गुंतलेल्या. काटे बोचतात, चीक हाताला चिकटतो.

हे ज्ञान हातातून हातात जातं. म्हणून मुलाखतीत "करवंद लावता का?" एवढंच विचारून थांबू नका, "कोयता कधी लावता? कुणी शिकवलं?" हेही विचारा. आणि एक पथ्य पाळा. आजीनं सांगितलेलं तिच्या आठवणीपर्यंतच पोचतं. ते परस्पर १८८२ मध्ये नेऊन ठेवू नका.